डावं मडगार्ड

लोरेलने ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर बादलीत बुडवला आणि डाव्या मडगार्डवरून पुन्हा लांब हात मारायला सुरुवात केली. काल तिने सगळ्या बॉडीवर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारला होता. घासताना उंचवट्यावरचा काळा निघून जातो, खोलगट जागी मात्र चिकटून राहतो. आता फक्त चाकाच्या वरच्या गोलाईत नखाएवढा काळा उरला होता. तो गेला की रंग.

दोनच माणसं बसतील अशी ही मोटार तिच्या बाबांनी, क्लेम ट्रेवॉरोंनी, याच शेडमध्ये साच्यातून काढली होती. फायबरची बॉडी तेव्हापासून रंगावाचून राहिली. आधी पोरांची शिक्षणं आली, मग आईचं दुखणं. आता बाबांच्या फुप्फुसांचे फोटो बघून ॲडलेडच्या डॉक्टरांनी लोरेलला एकटीला बाजूला घेतलं होतं आणि नाताळचे बेत आखू नका, एवढंच म्हटलं होतं.

शेजारचा नेव्हिल काँप्रेसर ढकलत आत आला.

"म्हातारा उठला का?"

"उठलेत. चहा पानचट म्हणून कुंडीत ओतला."

"मग बरा आहे." त्याने मडगार्डकडे पाहून आवाज उतरवला. "सांगितलंस त्याला?"

लोरेल घासत राहिली.

गेल्या आठवड्यात दोघांनी बॉडी लाकडी घोडीवर चढवताना ती निसटली होती आणि मडगार्डला चीर गेली होती. लोरेलने आतून नवं फायबर आणि रेझिन लावलं, वरून लांबीचा लगदा भरला. बाबांचा नियम तिला पाठ होता. नव्या रेझिनला अख्खा उन्हाळा ऊन खाऊ द्यायचं, मगच गडद रंग. नाहीतर ते उन्हात आकसतं आणि फायबरची वीण रंगातून वर येते. आता ऑक्टोबर चालू होता. इथला उन्हाळा डिसेंबरात सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपायचा; तो अजून यायचा होता.

बाबा वॉकर सरकवत आले. हातावर जुना मऊ पंचा पसरून, डोळे मिटून त्यांनी बॉडी चाचपली. बॉनेट, दार, मागचा भाग. डाव्या मडगार्डपाशी थांबले. कष्टाने वाकून त्यांनी आतून वास घेतला.

"हे कधीचं?"

"जुनंच आहे, बाबा. मी फक्त लांबी भरली."

"जुन्या रेझिनला वास येत नाही, लोरेल."

नेव्हिलने टोपी काढली.

"पडलं. माझ्या हातून," ती म्हणाली.

"माझ्या," नेव्हिल म्हणाला.

"तुझ्याच असणार. माझ्या लग्नातला केकसुद्धा तूच पाडलास." बाबा धाप लागून थांबले. "बाहेर काढा. उन्हात राहू दे. मार्चमध्ये रंगवू."

लोरेलच्या हातातल्या पॉलिश पेपरमधून पाणी ठिबकत होतं.

"मार्चपर्यंत नाही थांबता येणार, बाबा."

शब्द निघून गेले होते. घरात आजवर कुणी ते उच्चारले नव्हते. नेव्हिल काँप्रेसरचा पाइप उगाच सोडवत बसला. बाबांनी पंच्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"कुठला आणलास?"

"हिरवा. तुम्ही सांगितलेला, गडद."

"गडद फार तापतो. फेब्रुवारीत वीण दिसायला लागेल. इथून, इथपर्यंत." त्यांचं बोट मडगार्डवरून हळू फिरलं.

"दिसू दे."

"दिसू दे काय? खालपर्यंत घासायचं आणि पुन्हा रंगवायचं. नीट, सावकाश. तेव्हा घाई नसेल तुला."

तिने मान हलवली.

"आता जमिनीवर पाणी मार, धूळ बसू दे. वारा सुटला की माश्या येऊन चिकटतील. आणि नेव्हिल, मला खिडकीबाहेर खुर्ची टाक. तू कशाला हात लावू नकोस."

लोरेलने मास्क चढवला. चष्म्याच्या काचा लगेच धुरकट झाल्या. मडगार्डवर हिरव्याचा पहिला पट्टा उमटला, मग त्याला लागून दुसरा, घाईघाईने.

खिडकीवर टकटक झाली. काचेपलीकडे बाबांनी पंजा आडवा धरला होता आणि तो हळूहळू खाली आणत होते.

तिने हात सावकाश केला.