भुयाररावांची फिरती खुर्ची

ज्या वर्षी सुताराच्या थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, सुताराने चांगले जाड लाकूड कचेरीच्या खुर्चीसाठी आणून ठेवले होते. पण एक पाळणा लागणार म्हणता म्हणता दोन लागले. नातवंडांची सोय झाली आणि उरल्या लाकडात मी झाले. म्हणून माझी पाठ जरा बुटकी आहे. हात मात्र रुंद आहेत. खाली लोखंडी दांडा, त्याला चार पाय आणि प्रत्येक पायाला एक चाक. सुताराने मला अंगणात एक गिरकी दिली आणि म्हणाला, "पाठ आखूड आहे, पण पोर चपळ आहे. खपेल."

शहराच्या मध्यभागी एक जुनी दगडी इमारत होती. तिथे दुसऱ्या मजल्यावर मालाच्या विम्याची कचेरी होती. मोठ्या साहेबांना उंच पाठीची खुर्ची हवी होती. त्यांनी मला एकदा दाबून पाहिले, नाक मुरडले आणि नुकत्याच लागलेल्या एका कारकुनाकडे ढकलले. तोही अंगाने बुटकाच होता. आमचे छान जमले.

त्या खोलीची आठवण आली की अजून माझ्या लाकडाला शाईचा वास येतो. उंच छत, कुरकुरणारा पंखा, वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली काचेची वजने. दुपारी खिडकीतून उन्हाचा एक पट्टा यायचा आणि टेबलावरून सरकत सरकत माझ्या उजव्या हातावर येऊन थांबायचा. तो तिथे आला की सगळे डबे उघडत.

डबा खाताना माझा कारकून घरचे सगळे शेजारच्या टायपिस्टबाईंना सांगायचा. त्यातूनच मला कळले की त्याचे लग्न झाले आहे आणि त्याने घर घेतले आहे. घर कुठे, तर शेवटच्या बसथांब्याच्याही पलीकडे. तिथे गवतात एक पाटी उभी होती : 'येथे भुयारी रेल्वेचे स्थानक होणार.' त्या पाटीसमोरच त्याने तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या.

बायको म्हणाली होती, "अहो, पाटी काय, कुणीही ठोकतं. गाडी कुठंय?"

"दोन वर्षांत येतेय. मग बघ, दिवेलागणीच्या आत मी घरात. आणि ऐक, त्या गाडीत पहिल्यांदा बसेन ते तुला घेऊन. तोवर एकटा पाय ठेवणार नाही."

हा शब्द त्याने दिला, मित्रांनो. पुढची सगळी गोष्ट त्या शब्दाची आहे.

दोन वर्षे झाली. चार झाली. पाटीचा रंग उडाला, कुणीतरी तिला म्हैस बांधली. कारकून पहाटे निघायचा, दोन बस बदलून कचेरीत यायचा आणि माझ्यात असा बसायचा की जणू दिवस तिथेच संपला. त्याच्या पाठीला त्रास होऊ लागला, तेव्हा बायकोने जुन्या निळ्या पडद्याची एक उशी शिवून पाठवली. चार कोपऱ्यांना चार नाड्या. त्याने ती माझ्यावर घट्ट बांधली. त्या दिवसापासून मी सगळ्या कचेरीत उठून दिसू लागले.

ऑफिसने त्याला नाव दिले भुयारराव. रोज कुणी ना कुणी विचारायचेच.

"काय भुयारराव, गाडी कुठवर आली?"

"निघालीय हो. वाटेत चहाला थांबली असेल," तो म्हणायचा. हसायचाही सगळ्यांच्या आधी. पण मी त्याच्या पाठीला टेकलेली असे. ती हसत नसे.

मग एक दिवस टेलिफोन वाजला. टेलिफोन टायपिस्टबाईंच्या टेबलावर, म्हणजे माझ्या कानाशीच. पलीकडून वहिनी, म्हणजे त्याची बायको. ऑफिसात सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते.

"अहो, समोर खणायला लागलेत!"

"खरंच? स्टेशनचं?"

"मला काय विचारता? खड्डा आहे. खड्ड्याला तोंड नसतं."

स्टेशनचेच होते. तेव्हापासून वहिनींचा फोन हे आमचे वर्तमानपत्र झाले. आज पत्रे लावले. आज क्रेन आली. आज खड्ड्यात पाणी भरले, बेडूक ओरडतायत. मग बराच काळ नुसते बेडूकच. गाडी येणार या आशेवर आजूबाजूला मोठमोठ्या इमारतींचे सांगाडे उभे राहिले आणि तसेच राहिले. कंपन्या म्हणत, गाडी नाही तर आम्ही इतक्या लांब येऊन काय करू? रेल्वेवाले म्हणत, कंपन्या नाहीत तर गाडीत बसणार कोण?

टायपिस्टबाई म्हणाल्या, "वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. तसं आहे तुमच्या गावाचं, भुयारराव."

एका सकाळी वहिनींचा आवाज कापत होता. "अहो, मांडणीवरची भांडी आपोआप वाजली. मला वाटलं भूकंप. बाहेर आले तर तो हेल्मेटवाला म्हणतो, घाबरू नका आजी, तुमच्या खालून मशीन गेलं. आजी म्हणाला मला, मेला!"

त्या दिवशी सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. भुयाररावांनी माझ्यात बसून एक पूर्ण गिरकी घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच.

पण हेल्मेटवाल्याचे काही चुकले नव्हते. दोघांचेही केस पिकले होते. भुयारराव निवृत्त झाले तेव्हा नव्या रुळांवरून रिकाम्या गाड्यांच्या चाचण्या चालू होत्या, माणसांना बसू देत नव्हते. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या उशीच्या नाडीला हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि काढून घेतला.

"राहू दे," ते टायपिस्टबाईंना म्हणाले. "हिला सवय झालीय."

त्यांच्यानंतर माझ्यात कुणी नीट बसले नाही. माझ्यावर फायलींचा ढीग लागला. एक चाक कुरकुरू लागले. उशीची एक नाडी तुटली, तिथे शिपायाने सुतळी बांधली. निदान तेवढे तरी केले, त्याचे भले होवो.

गाडी सुरू झाली. आणि मित्रांनो, मग जे झाले ते बघता बघता झाले. वेड गेले आणि लग्नेही लागली. त्या सांगाड्यांना काचा बसल्या, रोज एक मजला उजळू लागला. जुन्या शहरातली भाडी परवडेनात. आमच्या नव्या साहेबांनी सांगितले, "आता गाडी आहे. आपणही तिकडेच जाऊ." टेबले, कपाटे, फायली ट्रकात चढल्या. गर्दीत मीही चढले.

नव्या इमारतीत सगळ्या खुर्च्या काळ्या आणि जाळीच्या होत्या. साहेबांनी मला पाहून विचारले, "ही इथे कशी?"

"चुकून आली, साहेब," शिपाई म्हणाला.

"मग मागे ठेव. भंगारवाला नेईल."

मागच्या दारापाशी, रस्त्याच्या कडेला मी दिवसभर उभी होते. येणारे जाणारे लोक स्टेशनच्या जिन्यात शिरत होते, बाहेर पडत होते. समोर एक जुनी ठेंगणी इमारत होती. तळमजल्याच्या खिडकीत निळा पडदा होता. तो निळा रंग मला ओळखीचा वाटला, पण खुर्चीला मान वळवता येत नाही, आणि ओरडता तर मुळीच येत नाही.

संध्याकाळी टायपिस्टबाई बाहेर आल्या. त्यांनी मला पाहिले, मग समोर पाहिले आणि रस्ता ओलांडून दार ठोकले.

"भुयारराव! बाहेर या. तुमची खुर्ची रस्त्यावर बसलीय."

ते आले. अंगावर घरचा सदरा, पायांत सपाता. त्यांनी माझ्या हातावरून हात फिरवला. "अगं, तू? तू इथवर आलीस?" मग समोरच्या काचेच्या इमारतीकडे बघून म्हणाले, "आणि ऑफिस? ऑफिससुद्धा?"

टायपिस्टबाईंनी शिपायाला हाक मारली; त्याने आणि भुयाररावांनी मला उचलून दोन पायऱ्या चढवल्या. आत वहिनी पलंगावर बसल्या होत्या. इतकी वर्षे नुसता आवाज ऐकला होता, तो चेहरा मी तेव्हा पाहिला.

"चपला घालायचेही कष्ट पडले नसते हो," त्या म्हणाल्या. "रिटायर व्हायला थोडं थांबला असतात तर ऑफिसच चालत तुमच्याकडे आलं असतं." मग त्यांनी उशी पाहिली. "आणि ही सुतळी कुणी लावली? शोभते का?"

तेव्हा मला कळले की गाडी सुरू होऊन वर्ष होत आले, तरी भुयारराव एकदाही तिच्यात बसले नव्हते. वहिनींचे गुडघे गेले होते. चाकांची दवाखान्यातली खुर्ची आणतो म्हटले तर त्यांनी साफ सांगितले होते, "त्यात बसून मी जाणार नाही. लोक म्हणतील, हिला ॲडमिट करायला चालवलंय. तुम्ही जाऊन या."

"शब्द दिलाय," ते म्हणाले होते.

"मग बसा शब्द धरून."

असे ते दोघे स्टेशनच्या समोर बसून होते. रस्त्यापलीकडे गाडी आणि अलीकडे हट्ट.

भुयाररावांनी सुतळी सोडली. वहिनींनी तिथे नवी नाडी शिवली. मग नीट बसलीय का बघायला म्हणून त्या हळूच माझ्यात बसल्या. भुयाररावांनी मला खिडकीपर्यंत ढकलले. चाक कुरकुरले.

"तेल घाला आधी," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ही काही आजाऱ्याची नाही. ही साहेबाची खुर्ची आहे."

"आहेच मुळी."

"मग न्या."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? आता काय बाजाराला नेणार आहात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. रस्ता ओलांडताना गाड्या थांबल्या. स्टेशनच्या दारात रखवालदाराने अडवले. "आजोबा, ऑफिसचं सामान आत नेता येत नाही."

"सामान नाही मी," वहिनी म्हणाल्या, "बायको आहे."

तो हसला आणि त्यानेच लिफ्टचे बटण दाबले.

गाडी सुटली तशी मी मागे घरंगळू लागले. भुयाररावांनी दोन्ही हातांनी मला धरले, आणि शेजारच्या एका टायवाल्या माणसाने आपला बूट माझ्या चाकाला लावला. पार शहरापर्यंत त्याने तो काढला नाही. बाहेर काळोख होता. काचेत वहिनींचा चेहरा दिसत होता, आणि त्यांच्या मागे भुयाररावांचा.

"एवढ्या काळोखासाठी एवढी वर्षं?" वहिनी म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावून हसत सुटल्या.

शहरात आम्ही वर आलो. जुनी इमारत दाराला कुलूप घालून उभी होती. भुयाररावांनी दुसऱ्या मजल्याची एक खिडकी दाखवली. "तिथे बसायचो." वहिनी बराच वेळ वर पाहत राहिल्या. "ऊन छान येत असेल," एवढेच म्हणाल्या.

परत घरात शिरलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. भुयाररावांनी दिवा लावला नाही. दोघे खिडकीशी बसून उजेड जाईपर्यंत थांबले, कारण गाडीने घरी येऊन हे पाहायचेच राहून गेले होते.

मित्रांनो, पुढे मी त्या घरात पुष्कळ हिंडले. तुमच्या घरी, शाळेत, कचेरीत माझ्यासारखी कुणी कोपऱ्यात पडली असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिच्यात एकदा बसून पाहा. चाकात तेलाचा थेंब घाला. आणि कुणाला शब्द दिला असेल, तर माणसाचे गुडघे शाबूत आहेत तोवर पाळा. खुर्ची दर वेळी वेळेवर येईलच असे नाही.

आता आमचे स्टेशन शेवटचे राहिलेले नाही. मार्ग आणखी पुढे गेला, तिकडे नव्या गवतात नव्या पाट्या लागल्या आहेत. ज्या हिवाळ्यात तो पुढचा भाग सुरू झाला, त्याच हिवाळ्यात एका मंगळवारी सकाळी वहिनी गेल्या. भुयारराव त्यानंतर दोन पावसाळे राहिले आणि तिसऱ्याच्या आधी, उन्हाळ्यात, माझ्यात बसले असताना गेले.