तीन वेळा ‘उशीर’

मी एक नोंद बोलतेय. पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर निळ्या शाईनं लिहिलेली. जन्मभर मी दुसऱ्याविषयीच बोलत आले, तेव्हा आज जरा माझंही ऐका.

चाकांच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन शेड आणि काचेची एक खोली. त्या खोलीत मावशी बसायच्या. चाकं, नळ्या, गाद्या बाहेरून मागवायच्या आणि कोण शब्दाला जागतं, कोण ऐन वेळी तोंडघशी पाडतं याची खबर ठेवायची, हे त्यांचं काम. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा. त्यांचा भाचाही तिथेच कामाला होता, त्याच्या तर त्या सख्ख्या मावशी.

प्रत्येक पुरवठादाराचं एक कार्ड असे. मी गादीवाल्यांची नोंद. खुर्च्यांच्या बैठका ते शिवायचे. कार्डाच्या कडेला रंगीत टॅग चिकटवलेले असत: हिरवा म्हणजे ‘वेळेत’, पिवळा म्हणजे ‘तपासून घ्या’, लाल म्हणजे ‘उशीर’.

मावशींचा राग नाकाच्या शेंड्यावर. माल आला नाही की तिथल्या तिथे पुढच्या बाजूला तारीख टाकायच्या आणि लाल टॅग असा दाबायच्या की माझा जीव कासावीस व्हायचा. पण मागच्या बाजूला त्या दिवशी एक अक्षर लिहायच्या नाहीत. उशीर का झाला, ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पोटात गेल्यावर, चार ठिकाणी विचारून मग लिहायच्या. आणि पुढच्या बाजूच्या कोपऱ्यात ‘मागे पाहा’ अशी बारीक खूण करायच्या. कुणी छेडलं तर म्हणायच्या, “पुढची बाजू माझ्या रागाची. मागची त्या माणसाची.”

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मावशी घरी बसल्या. त्यांच्या जागी भाचा आला. पोरगा हुशार, पण सदा घोड्यावर बसलेला. आल्या आल्या त्यानं सगळी कार्डं स्कॅन करायला घेतली आणि वेळ वाचावा म्हणून फक्त पुढची बाजू घेतली. माझं अर्धं अंग संगणकात गेलं, अर्धं खोक्यात राहिलं. मग त्यानं एक एआय एजंट कामाला लावला. काय हवं ते विचारायचं, तो टॅग धुंडाळून नावं पुढे करायचा. खरं सांगते, मला त्याचा हेवा वाटला. मावशींना जे शोधायला अर्धा दिवस लागे, ते तो चुटकीसरशी करायचा.

एका शाळेसाठी मुलांच्या साठ खुर्च्यांचं काम आलं. भाच्यानं एजंटला सांगितलं, “दोनपेक्षा जास्त ‘उशीर’ असतील त्यांना वगळ.” माझ्यावर लाल टॅग तीन. झालं, गादीवाले यादीतून गेले. यादीखाली एजंटनं एक टीप दिली होती, ती भाच्यानं वाचली नाही. यादी वाचायची आणि टीप सोडायची, ही माणसांची जुनीच खोड.

गादीवाल्यांचे हात आता थरथरत. शिवणकाम त्यांची लेक बघायची, हाताखाली तीन बाया. निम्मं काम याच कारखान्याचं. ते गेलं तर दोघींना घरी बसवावं लागणार होतं. आठवडाभर वाट पाहून तिनं फोन केला.

“दादा, या वेळी विचारलं नाहीत. आमचं काही चुकलं का?”

“बघून सांगतो, ताई,” भाचा म्हणाला. मनातून त्याला अवघड वाटलं असावं. त्यानं एजंटला विचारलं, यांना का वगळलं?

उत्तर आलं: “उशीर तीन वेळा झाला, एवढंच टॅग सांगतात. कोणामुळे झाला, ते माझ्याकडे नाही. कार्डाच्या कोपऱ्यात ‘मागे पाहा’ असं दिसतं, पण मागची बाजू मला मिळालेली नाही. ती पाहिल्याशिवाय यांना सोडू नये, असं मी टिपेतही सुचवलं होतं.”

भाच्यानं खोकं उघडलं, मला बाहेर काढलं आणि उलटं केलं. मागे मावशींचं अक्षर होतं.

‘माप आम्हीच चुकीचं कळवलं. त्यांनी चाळीस बैठका उसवून पुन्हा शिवल्या. उशीर आमचा.’

‘चूक त्यांची. कापड संपलं, आधी कळवलं नाही. स्वतः येऊन कबूल केलं.’

‘पत्नी दवाखान्यात. तरी निम्म्या बैठका वेळेत दिल्या. असा माणूस सोडू नये.’

मशीनला आपण मावशींचा नुसता राग भरवला, हे भाच्याला कळून चुकलं. पुढचे दोन दिवस त्यानं एकूण एक कार्डाची मागची बाजू स्कॅन केली. यादी पुरती बदलली. सगळे हिरवे टॅग मिरवणाऱ्या एकाच्या पाठीवर निघालं, ‘वेळेत देतो, पण बोट ठेवल्याशिवाय चूक कबूल करत नाही.’

मग त्यानं फोन लावला. “ताई, साठ बैठका हव्यात. तुमचं काही चुकलं नव्हतं, आम्हीच नोंद अर्धी वाचली.”

“देते की,” ती म्हणाली. “फक्त माप या वेळी लेखी द्या.”

साठही बैठका दोन दिवस आधी पोचल्या. माल उतरवल्यावर भाच्यानं मला तिच्या हातात दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, “बाबांना दाखवू का?”

“घेऊनच जा,” तो म्हणाला.

आता मी त्यांच्या शिवणाच्या खोलीत, टेप आणि खडूशेजारी राहते. कामाची अशी उरले नाही, पण सुखात आहे. तुमच्याही कपाटात, संगणकात माझी भावंडं असतील. त्यांना विचारणारा माणूस असो की एजंट, आधी त्यांना पुरतं बोलू द्या, एवढंच मागणं.

आल्या दिवशीचं मात्र सांगायला हवं. लाल टॅग पाहून गादीवाल्यांचा चेहरा पडला. “माहीत आहे मला,” ते म्हणाले. लेकीनं मला उलटं केलं. त्यांनी सावकाश वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि मावशींना फोन लावायला सांगितला.

“बाई, मी गादीवाला. तुम्ही लिहिलेलं आज वाचलं,” ते म्हणाले.

पलीकडून मावशींचा आवाज आला, “चाळीस बैठका उसवायला लावल्या मी तुम्हाला. मला तर वाटायचं, तुम्हीच माझ्यावर रागावला असाल.”