सरासरी हात

ज्या दिवशी माणूस आपलं हत्यार स्वतः निवडतो, त्या दिवसापासून त्याच्यावर कुणाचीही सत्ता चालत नाही. हे वाक्य मी भर रस्त्यात छाती पुढे काढून उच्चारलं, तेव्हा माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती, पिशवीत बायकोचा नवा कीबोर्ड होता आणि बायको म्हणत होती, "अहो, आधी पिशवी सरळ धरा."

मी सरळ धरली. निवृत्तीनंतर माझ्यावर सोपवलेल्या कामांपैकी हे सर्वांत जबाबदारीचं.

आमची ही एका कार्यालयात सुनावण्यांचं टंकलेखन करते. कानात हेडफोन, पायाखाली रेकॉर्डिंग थांबवायचं पेडल, आणि साक्षीदार जे बोलेल ते शब्दन् शब्द कागदावर. साक्षीदार खोकला तर कंसात 'खोकला'. रडला तर कंसात 'थोडा वेळ शांतता'. एकवीस वर्षं तिने खऱ्या आणि खोट्या साक्षी एकाच वेगाने उतरवल्या. घरी मी बोलायला लागलो की तिची बोटं मांडीवर हलतात. माझ्यासाठी कंसात काय पडतं, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा हात बिनसला. आधी मुंग्या, मग कळा, आणि एके सकाळी साखरेच्या डब्याचं झाकणच उघडेना. डॉक्टरीणबाईंनी मनगट सगळीकडून वाकवून पाहिलं आणि म्हणाल्या, "नस दाबली जातेय. हात सरळ राहील असा कीबोर्ड घ्या, माउस बदला. नाहीतर तीन महिन्यांनी ऑपरेशन. आणि त्यानंतर आत्ताचा वेग राहील, असं मी सांगणार नाही."

"वेग गेला तर?" हिने विचारलं.

"तर दुसरं काम बघायचं."

जिना उतरताना ही एवढंच म्हणाली, "दुसरं काम मला येत नाही. आणि शिकायचंही नाहीये."

त्याच संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने पहिला कीबोर्ड काढला तो लाल-हिरवे दिवे लागणारा.

"काकू, गेमिंगचा आहे. एकदम टॉप."

"मला कुणाला ठार मारायचं नाहीये हो. साक्ष टाइप करायची आहे."

मग तिने पर्समधून एक दोरी काढली. दोरीला गाठ मारलेली होती. जमिनीपासून गाठीपर्यंत म्हणजे तिच्या कार्यालयातल्या टेबलाची उंची. तेवढ्या उंचीचं टेबल दुकानात नव्हतं, म्हणून तिने प्रिंटरचे दोन खोके एकावर एक ठेवायला लावले, दुकानदाराचीच खुर्ची ओढून घेतली आणि बसली. दुकानदार उभा राहिला. कीबोर्ड सगळे उभ्याने बघून घेतात, बसून बघणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

ती डोळे मिटून एक जुनी साक्ष टाइप करायची, पान झालं की मान हलवायची. एकाची बटणं फार कडक. एक इतका पातळ, की नुसत्या टेबलावर बोटं आपटल्यासारखं वाटे. एक चांगला होता, पण लांबलचक. माउसपर्यंत जायचं म्हणजे हात परगावी पाठवल्यासारखं. दहावा कीबोर्ड मधोमध दुभंगलेला निघाला. दोन्ही भाग उतरत्या छपरासारखे बाजूला कललेले. त्याच्यासोबतचा माउस आडवा नव्हता, उभा होता. हस्तांदोलन करावं तसा धरायचा. तिने तो धरला आणि बराच वेळ हललीच नाही. इतक्या मायेने तिने कुणाचा हात धरल्याचं मला आमच्या लग्नातलंही आठवत नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"दुखत नाहीये," ती हळूच म्हणाली.

मी उगाचच प्रिंटर बघायला लागलो.

"काकू, परत घेणार नाही हं," दुकानदाराने बजावलं.

"मी देणारच नाही."

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत तो कीबोर्ड भांडारपालांच्या नजरेस पडला. भांडारपाल म्हणजे त्या कार्यालयात टाचणीपासून टेबलापर्यंत सगळं वाटणारे गृहस्थ. मागल्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या आरामासाठी समिती नेमली होती, तिचे अध्यक्षही हेच. त्यांनी संगणकावर बसणाऱ्या सव्वीस जणांचे हात पट्टीने मोजले, बेरीज केली, सव्वीसने भागलं आणि आलेल्या मापाचा एक पुठ्ठ्याचा हात कापून भिंतीवर टांगला. त्या हाताच्या मापाने सगळ्यांना एकसारखे कीबोर्ड आणि एकसारखे माउस आले. या पद्धतीला ते शास्त्रीय म्हणत.

"बाई, खाजगी उपकरण इथे चालत नाही. सगळ्यांना सारखं हवं."

"सारखं हवं असेल, तर सगळ्यांना सारखे हात द्या."

"म्हणून तर सरासरी काढलीय!"

"मग त्या सरासरी हाताच्या बाई कुठे बसतात? मला भेटायचंय त्यांना."

अख्खा विभाग हसला, आणि तिथेच घात झाला. संध्याकाळी पत्र आलं: सोमवारी सकाळपर्यंत खाजगी उपकरण बाहेर न्यावं, अन्यथा आपली बदली शिक्क्यांच्या टेबलावर करण्यात येईल. शिक्क्यांचं टेबल म्हणजे उजव्या हाताने दिवसाला चारशे ठोके. तिचा हात तिथे महिनाभरही टिकला नसता.

"थोडं नमतं घेतलंस तर?" मी म्हणालो. घरातला शहाणा माणूस मीच.

"एकवीस वर्षं दुसऱ्यांची उत्तरं टाइप केली," ती म्हणाली. "एक माझंही होऊन जाऊ दे."

सोमवारी कीबोर्ड नियमाप्रमाणे बाहेर होता, म्हणजे माझ्या पिशवीत. फाटकावर वॉचमनने उभ्यानेच वही भिंतीला टेकवून माझी नोंद केली आणि 'कामाचं स्वरूप' या रकान्यात 'पिशवी' असं लिहिलं. मी हरकत घेतली नाही.

मोठ्या साहेबांच्या खोलीत भांडारपाल आधीच हजर होते. हिने विनंती केली नाही, डॉक्टरांची चिठ्ठीही काढली नाही. म्हणाली, "साहेब, तो पुठ्ठ्याचा हात मागवा. आणि सगळ्यांना बोलवा. ज्याचा हात त्यावर बरोबर बसेल, त्याने माझी खुर्ची घ्यावी. मी मुकाट्याने शिक्के मारते."

मी पिशवी घट्ट धरली. भांडारपालांचा चेहरा खुलला. त्यांचा भागाकारावर विश्वास होता.

रांग लागली. ज्या उंच टंकलेखिकेला सगळे जिराफ म्हणत, तिची बोटं पुठ्ठ्याबाहेर दोन पेरं गेली. डावखुऱ्याने पुठ्ठा उलटा करून पाहिला, तरी अंगठा जुळेना. लेखापालांचा पंजा पुठ्ठ्याला सगळीकडून पुरून उरला. सव्वीस झाले. साहेबांनी, कुणी न सांगताच, आपलाही हात ठेवून पाहिला आणि पटकन खिशात घातला.

"आता तुम्ही," ही भांडारपालांना म्हणाली.

भांडारपालांचा हात ठेवल्यावर चहूबाजूंनी पुठ्ठा दिसत राहिला.

"अजून एक जण राहिलाय!" ते ओरडले आणि स्वतः धावत जाऊन वॉचमनला घेऊन आले. त्याने टोपी काखेत धरली, हात पँटला पुसला आणि पुठ्ठ्यावर ठेवला.

बसला. बोट बोटावर, अंगठा अंगठ्यावर. जणू त्याचाच कापून घेतला होता.

"बघा!" भांडारपाल आनंदाने जवळजवळ उडालेच. "आहे! सरासरी आहे! बाईंनी शब्द दिलाय, साहेब!"

मी हिच्याकडे पाहिलं. तिची मान ताठच होती.

"दिलाय," ती म्हणाली. गळ्यातले हेडफोन काढून तिने वॉचमनपुढे धरले. "घ्या दादा. तीन नंबरची साक्ष अर्धी राहिलीय. साक्षीदार फार भरभर बोलतो, पेडलवर लक्ष ठेवा."

वॉचमन हेडफोनकडे बघत राहिला.

"तुम्हाला टाइपिंग येतं?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"संगणक कधी हाताळलाय?"

"पुसलाय एकदा. बंद असताना."

साहेबांनी भांडारपालांकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे. "म्हणजे सव्वीस संगणकांचं सामान आपण यांच्या मापाने घेतलं," ते म्हणाले. त्यांनी बदलीचं पत्र ओढून घेतलं, त्यावर 'रद्द' लिहून सही केली आणि खाली वेगळी ओळ घातली: बाईंचा कीबोर्ड बाईंपाशी राहील.

मागे कुणीतरी टाळी वाजवली. जिराफ म्हणाली, "साहेब, मग माझा पण माउस बदलायचाय!" लेखापालांनीही पंजा वर केला. मी पिशवीतून कीबोर्ड असा काढला, जणू किल्ल्यावर झेंडा चढवायचा होता, आणि रस्त्यात वाया गेलेलं ते हत्याराबद्दलचं वाक्य पुन्हा म्हणायला घसा खाकरला.

तेवढ्यात वॉचमन एक पाऊल पुढे आला.

"साहेब, ते टाइपिंग वगैरे बाईंनाच राहू द्या," तो म्हणाला. "पण खुर्ची तेवढी मिळेल का? फाटकावर ठेवायला. प्लास्टिकची चालेल."