मयतीआधीचं ऑइल

आंपोन्सा मास्टरनं इंजिनातून ऑइलची पट्टी ओढून काढली आणि न पुसता तशीच आज्येकुम साहेबांच्या नाकासमोर धरली.

"हे बघा साहेब. हे ऑइल आहे का? डांबर आहे हे."

आज्येकुम साहेब एक पाऊल मागे सरले. अंगावर अजून मयतीचं काळं कापड होतं, आणि त्याच्या काठाला रस्त्याची तांबडी धूळ लागली होती. गाडी टोचन करून आणलेली. ओढणाऱ्या ट्रकचा धूर खात आलेला साहेबांचा ड्रायव्हर बाजूला खोकत उभा होता.

"तूच घातलेलं आहे ते," साहेब म्हणाले. "माझी नवी कोरी गाडी तू मारलीस."

मी समोरच्या माझ्या दुकानातून हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण ते ऑइल मी विकलेलं होतं. सीलबंद डबा, माझ्या हातानं दिलेला. आणि दिला तेव्हा मास्टर काय बोलला होता त्यातला शब्द न् शब्द मला पाठ होता.

कुमासी शहराच्या या गॅरेजवस्तीत मी एकोणीस वर्षं ऑइल विकते. इथे येणाऱ्या गाड्या दुसऱ्यांनी दहा-बारा वर्षं वापरून टाकलेल्या असतात. त्यांना आम्ही जाड ऑइल घालतो. झिजलेलं इंजिन जाड ऑइलवर जरा गप्प बसतं, आणि त्यावरून आमच्या लोकांचं पक्कं मत झालंय की उन्हाच्या देशात ऑइल जितकं जाड तितकं चांगलं. मीही तेच म्हणायचे. मग आज्येकुम साहेबांच्या मुलांनी जर्मनीतून पैसे पाठवून बापाला शोरूममधली टर्बोची गाडी घेऊन दिली. शिक्षण खात्यातले साहेब, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. पाच हजार किलोमीटर झाल्यावर त्यांनी ती मास्टरकडे आणली, कारण साहेबांच्या आधीच्या तीन गाड्या मास्टरनंच सांभाळल्या होत्या.

मास्टर त्या दिवशी गाडीसोबत आलेलं पुस्तक घेऊन माझ्या दुकानात आला. तो सावकाश वाचतो, एकेका शब्दाखाली बोट ठेवून. दुपारभर वाचत बसला होता. मक्याचं केंके खायलाही उठला नाही.

"आक्या, हिला जाड चालायचं नाही," तो म्हणाला. "पातळ दे. पूर्ण सिंथेटिक, या आकड्याचं."

"एवढं पातळ? पाणीच की ते. लोक हसतील तुला."

"हसू देत. अगं, हिच्या इंजिनाच्या बाजूला एक भोवरा बसवलाय, तोच टर्बो. धुराच्या जोरावर फिरतो. लालबुंद तापतो. त्याला गार ठेवायला हेच ऑइल जातं, आणि ते जातं बोटाहून बारीक नळीतून. जाड घातलं तर वेळेवर पोचणार नाही. घाण झालेलं ठेवलं तर नळीत करपून बसेल. नळी बंद, की भोवरा खलास."

मग साहेबांना त्यानं माझ्यासमोर सांगितलं, "पाच हजारांनी या. मीटरवर दहा हजार दिसले की गाडी इकडे वळवा."

"शोरूमवाला पंधरा हजार म्हणतो," साहेब हसून म्हणाले.

"शोरूममध्ये धूळ नसते साहेब."

एवढं झालं होतं. याहून स्पष्ट माणसानं आणखी कसं बोलायचं?

पण आमच्या लोकांना किलोमीटर मोजायची सवय नाही. आमच्याकडे ऑइल बदलतात ते मयतीआधी. शनिवारी लांबच्या गावी कुणाच्या मयतीचं कार्य असलं की शुक्रवारी सगळं गोत गाड्या घेऊन इथे हजर. रस्त्यात गाडी बंद पडून मयत चुकली तर सात पिढ्या ऐकावं लागतं, म्हणून त्या दिवशी कुणी कुचराई करत नाही. एरवी बॉनेट उघडायचं नावही काढत नाहीत. आणि आमच्यात कुणी ना कुणी सारखं जातच असतं, त्यामुळे जुन्या गाड्यांचं त्यावर निभावलं. साहेबांच्या घरात मात्र त्या वर्षी देवाच्या कृपेनं लांबचं कुणी गेलं नाही. गाडी घर ते ऑफिस, ऑफिस ते चर्च अशी पाच-पाच, सहा-सहा किलोमीटर, दिवसातून सात-आठ खेपा तांबड्या धुळीतून फिरत राहिली. मास्टरनं दोनदा निरोप धाडला. साहेबांनी उत्तर दिलं, "कुठे बाहेरगावी जायचं नाहीये सध्या."

मग त्यांचे सख्खे मामा वारले. आमच्यात मामा म्हणजे बापाहून वरचा माणूस. नाव, घर, वारसा, सगळं त्याच्याकडून येतं. ती बातमी आली तीही घाईची, मध्ये शुक्रवार सापडलाच नाही. साहेब पहाटे निघाले आणि बेचेम गावाच्या अलीकडे भोवरा गेला. मामाला मातीत ठेवलं तेव्हा भाचा रस्त्याच्या कडेला काळ्या कापडात उभा होता. मीटरवर एकोणीस हजार सहाशे.

मला त्यांची दया आली नाही असं नाही. पण घरच्यांनी जाब विचारल्यावर या माणसानं सांगितलं काय, तर "माझ्या मेकॅनिकनं खराब ऑइल घातलं." एकदा सगळ्या गोतापुढे बोलून बसल्यावर मग ते खरं ठरवणं आलं.

मंगळवारी मेकॅनिक संघापुढे प्रकरण बसलं. साहेबांच्या बाजूनं गोतातले दोन म्हातारे आले होते. संघाचे अध्यक्ष बोआक्ये आणि दोन पंच मधोमध. मास्टर एकटा. मी स्टूल घेऊन जाऊन बसले; कुणी बोलावलं नव्हतं.

"पुस्तकात पंधरा हजार लिहिलंय," साहेब म्हणाले. "पाच हजारांवर यानं ऑइल बदललं. त्यानंतर गाडी पंधरा हजारही चालली नाही. मी पुस्तकाच्या आत आहे. मग दोष कुणाचा?"

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं.

मास्टर म्हणाला, "पान उलटा."

"काय?"

"त्या तक्त्याच्या मागचं पान. अध्यक्ष, तुम्ही वाचा. मी वाचलं तर म्हणतील, मनचं वाचतो."

बोआक्येंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. धूळ फार, ऊन फार, गाडी जवळजवळच्या अंतरावर चालणारी, यांतलं काहीही असेल तर ऑइल पाच हजारांनी बदलावं. वाचून त्यांनी पुस्तक मिटलं. साहेब आपल्या चपलांकडे बघत होते. त्यांनी ते पान कधी उघडलंच नव्हतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मला वाटलं, संपलं.

बोआक्ये उठले. "आम्ही जरा म्हातारीला विचारून येतो."

आमच्याकडे पंच निवाड्याआधी बाजूला जातात त्याला असं म्हणतात. म्हातारी कुठेच नसते. पुरुष पुरुषच भिंतीआड कुजबुजून येतात आणि नाव बाईच्या शहाणपणाचं सांगतात. जिनं डबा विकला, जिच्या कानांनी सगळं ऐकलं, ती बाई स्टुलावर ढळढळीत बसली होती. तिला विचारावंसं कुणाला वाटलं नाही. मी उठून म्हणालेसुद्धा, "अध्यक्ष, मी होते तिथे." बोआक्ये म्हणाले, "बसा हो बाई, बसा."

परत आले ते मऊ आवाज घेऊनच.

"आंपोन्सा, तुझं काम चोख आहे. त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. पण साहेब मामाच्या मातीला पोचले नाहीत. ते वयानं मोठे. घरी त्यांना मान वर करता येत नाही. तू त्यांच्या गोतापुढे एवढंच म्हण, माझं चुकलं. काही भरायचं नाही. दोन शब्दांत सगळे मोकळे."

"पुस्तक वाचलंत ना तुम्ही?"

"वाचलं रे. पुस्तक पुस्तकाच्या जागी."

"मग चुकलं कुणाचं?"

"चुकलं कुणाचं हा प्रश्नच नाही आता," एक म्हातारा म्हणाला. "मोठ्या माणसाची लाज राखायची आहे. आजवर कुणाची माफी मागितली नाहीस का तू?"

"मागितली आहे," मास्टर म्हणाला. "कुन्तू टॅक्सीवाल्याची. पहिली टर्बोची गाडी इथे त्याची आली. मला काही कळत नव्हतं, सवयीनं जाड ऑइल घातलं, चार महिन्यांत इंजिन बसलं. त्याच्या घरी गेलो मी. त्याच्या बायकोसमोर, मुलांसमोर बोललो, माझं चुकलं. तेव्हापासून पुस्तकं वाचायला लागलो." तो थांबला. त्याचा आवाज चढला नव्हता. "आज तेच शब्द इथे खोटे बोललो, तर कुन्तूला बोललो होतो त्याची काय किंमत राहिली?"

उत्तर नसलं की माणसं चिडतात. बोआक्येंनी सांगून टाकलं, संघाचा मान ठेवला नाही, एक महिना शेड बंद. मास्टरनं किल्ली काढून टेबलावर ठेवली. एकतीस वर्षांत ते शेड फक्त रविवारी बंद असायचं.

मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला, आणि घरी जाताना मास्टरचाही आला. दोन शब्द तर होते. मी त्याला म्हणालेही तसं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार. दुसऱ्या दिवशी मोठं कार्य होतं, त्यामुळे गल्लीत गाड्यांची रांग. मास्टर रोजच्यासारखा माझ्या दुकानाच्या बाकावर येऊन बसला होता. आज्येकुम साहेबांची गाडी आली. नवा टर्बो बसवून आणलेली. साहेब उतरले, बाकावरच्या माणसाच्या शेजारून आत आले, पण नमस्कार केला नाही. आमच्याकडे वैऱ्यालाही आधी नमस्कार करतात. न करणाऱ्या पोराला थप्पड बसते.

"आक्याबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "ते किती किलोमीटरनी सांगितलं होतं?"

"कुणी?" मी म्हणाले. नाव घ्यायला लावायचंच होतं मला.

साहेबांनी नाव घेतलं नाही. फळीवरचा एक डबा उचलून त्यावरची अक्षरं वाचत उभे राहिले.

"पाच हजार," मास्टर बाकावरून म्हणाला. कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "आणि तुमच्या हातातलं जाड आहे. ते ठेवा. वरच्या फळीवरचं घ्या."

साहेबांनी डबा ठेवला. वरचा घेतला. मागे वळले नाहीत, पण मान हलवली, ती डब्याकडे बघून. पैसे देऊन ते शेजारच्या शेडकडे गाडी घेऊन गेले, कारण मास्टरच्या शेडला कुलूप होतं.

शेजारच्यानं खालचा नट काढला, जुनं ऑइल पातेल्यात सोडलं, आणि गर्दीमुळे घाईघाईत नट परत लावायला घेतला. त्याचा वॉशर बाजूच्या दगडावर तसाच राहिला होता; त्याशिवाय नवं ऑइल रस्ताभर गळून गेलं असतं. समोरून आम्हा दोघांनाही दिसत होता. मास्टर बाकावरून अर्धा उठला. मग त्याला महिन्याची बंदी आठवली, आणि तो परत बसला.

"आक्या," तो म्हणाला, "जा, सांग त्याला."