मूठभर येसर

"किती टाकू?" डब्याचं झाकण काढत उद्धवरावांनी विचारलं.

"मूठभर," स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसलेल्या यशोदाबाई म्हणाल्या.

येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. त्यांच्या गावाकडे, औशाला, लग्नाच्या पंगतीला त्याची आमटी असते. उद्धवरावांनी मूठभर पीठ पाण्यात कालवलं आणि फोडणीच्या पातेल्यात ओतलं. पाच मिनिटांत आमटीची खळ झाली. पळी सोडली तर ती पडेना.

"अवं, आमटी करायलाव का पोस्टर चिकटवायलाव?"

"तूच म्हणालीस ना मूठभर!"

"माजी मूठ म्हणले मी. तुमची न्हाई."

उद्धवरावांनी आपल्या पंजाकडे पाहिलं. त्यांनी गॅस बंद केला.

तीस वर्षांपूर्वी ते औशाहून आले. आधी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, मग महाळुंग्याच्या, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. आता तिथे क्वालिटी इन्स्पेक्टर. त्यांच्या हातून सुटलेला पार्ट परत आला असं क्वचितच घडलं होतं. मोशीच्या दोन खोल्यांच्या घरात मात्र त्यांनी पाण्याचा पेलासुद्धा हातानं भरून घेतला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता असंही नाही. तसा विचारच कधी डोक्यात आला नव्हता, आणि ते अभिमानापेक्षा वाईट.

गेल्या श्रावणात यशोदाबाईंना अर्धांगाचा झटका आला. वाचा महिनाभरात परतली. उजवा हात परतला नाही. मग मेसचा डबा सुरू झाला. त्यातल्या सोड्यानं उद्धवरावांची छाती जळायची आणि यशोदाबाई दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. चार महिन्यांत त्यांची गळ्याची हाडं वर आली.

नाशिकहून मुलीचा, योगिनीचा फोन आला. ती बापासारखीच, आडवळणानं बोलायची नाही.

"बाबा, पुढच्या रविवारी येते. आईचं जेवणखाण नीट होतंय असं दिसलं तर राहू दे तिथं. नाहीतर सोबत घेऊन जाते."

"आमचं व्यवस्थित चाललंय की गं."

"मग मी आल्यावर दिसेलच."

उद्धवरावांना बायको घरातून जाईल ही कल्पनाच सहन होईना. बत्तीस वर्षांत ती माहेरीसुद्धा आठवड्यावर राहिली नव्हती. फोन ठेवला त्याच संध्याकाळी त्यांनी मेस बंद केली.

शिकायची त्यांची रीत कंपनीतली. पाणी किती मिली, आच किती मिनिटं, सगळं वहीत. भाकरीची जाडी चार मिलिमीटर, अधिक-उणे अर्धा. एकदा तर त्यांनी तव्यावरून उतरलेली भाकरी जाडी मोजायच्या व्हर्नियरमध्ये धरली. यशोदाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"भाकरी हाय ती! तिला काय गाडीत बसवायची हाय का?"

तरी भाकरी थापताना फाटायचीच. पाणी कालच्याइतकंच, पीठ कालच्याइतकंच, मग आज का फाटते, हे त्यांना कळेना.

"पीठ जुनं झालंय. आधणाचं पाणी घ्या, उकळतं," यशोदाबाई म्हणाल्या.

"वहीत तर कोमट लिहिलंय."

"पिठाला कुठं वाचता येतंय?"

आमटी फसली त्या दिवशी मात्र त्यांनी वेगळं केलं. छोटा वजनकाटा आणला, यशोदाबाईंचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि तळव्यावर येसर ओतलं. बोटं मिटेनात. पीठ बोटांमधून गळू लागलं. मग त्यांनी आपल्या पंजात त्यांची मूठ मिटवून धरली. किती तरी वेळ धरली. आत राहिलं तेवढं काट्यावर टाकलं. तीस ग्रॅम.

"एवढंसं?" ते म्हणाले.

"एवढ्याशाच हातानं जेवलाव की आजवर," यशोदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली. उद्धवराव हात धुवायला मोरीकडे गेले.

रविवारी योगिनी अकराला मोशीच्या चौकात उतरली. आल्याआल्या तिनं फ्रीज उघडला, भांड्यांचे काठ पाहिले, आईचं मनगट हातात घेऊन पाहिलं. उद्धवराव ऑडिटला उभे राहावेत तसे ओट्याशी उभे होते.

पहिली भाकरी फुगली. दुसरीही. आमटी पळीवरून धारेनं पडली. योगिनीनं एक वाटी संपवली, दुसरी मागून घेतली आणि तिचे डोळे भरले.

"आईच्या हातची झालीय हो, बाबा."

"मग?" उद्धवरावांनी हसू दाबत विचारलं. "राहू दे ना तिला इथं?"

"राहू दे. मी हरले."

"मी येते तुज्यासंगं," यशोदाबाई म्हणाल्या.



"कुठं?" उद्धवराव म्हणाले.

"नाशकाला."

"अगं, पण जमलं की मला आता!"

"जमलं म्हणूनच." यशोदाबाई सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलू लागल्या. "तुमी पहाटं साडेपाचला जाताव. चारला येताव. तवर भिंतीकडं बघत बसते मी. मागच्या म्हैन्यात मोरीत पडले. तासभर उठता येईना. तुमाला सांगितलं न्हाई. हिच्याकडं घरात मानसं तरी हायत."

"आणि आधीच का न्हाई गेलीस मग? चार महिने का काढलेस असे?"

"तुमी काय खाल्लं असतं?"

उद्धवरावांना काहीतरी जोरात बोलायचं होतं. निवृत्तीला दीडच वर्ष राहिलंय, बाई ठेवू, शिफ्ट बदलून घेऊ, असं पुष्कळ. पण मोरीतला तो एक तास त्यांच्या मनातून हलेना. त्या वेळी ते महाळुंग्यात कुठल्या तरी पार्टचा घेर मोजत असणार.

तव्यावर तिसरी भाकरी होती. ती त्यांनी उतरवली आणि ताटात घेऊन आमटीत कुस्करायला बसले.

"हे बघ," ते योगिनीला म्हणाले. "वरचा पापुद्रा काढून टाकायचा. तिच्या घशाला टोचतो. खालचीच मऊ घ्यायची. आमटी जास्त गरम न्हाई. घास डाव्या बाजूनं द्यायचा, उजवीकडं दिला तर गालातच राहतो. आणि पाणी मधेमधे द्यायचं न्हाई, ठसका लागतो. जेवण झालं की मग."

योगिनी घरचा स्वयंपाक करू लागल्याला दहा वर्षं झाली होती. ती मान खाली घालून प्रत्येक गोष्टीला "हो बाबा" म्हणत राहिली.