विहीर उजव्या हाताला

ऑगस्टात कुवेतमध्ये बाहेर चालणं म्हणजे तव्यावर चालणं. म्हणून अबू हलीफातले बरेच लोक मॉलमध्ये फेऱ्या मारतात. गुरुप्रसादही मारत. त्या शनिवारी दुपारी ते बुटांच्या दुकानांवरून चालले होते, पण कानातल्या इअरफोनमधून आयर्लंडचं रान ऐकत होते.

त्यांची मुलगी ज्ञानदा तिथल्या एका खेड्यात राहते. गावातली वारसा समिती दर उन्हाळ्यात लोकांना घेऊन रानातून फेरी काढते. चुन्याची जुनी भट्टी, मातीचा गोल बांध घातलेली पुरातन वस्ती, झाडीतली पवित्र विहीर आणि शेवटी पडका मठ. यंदा ही फेरी पहिल्यांदाच ज्ञानदाकडे आली होती. इतकी वर्षं राहूनही गावाला ती 'ती इंडियन मुलगी' होती. आज नीट सांगता आलं तर गावातली होईन, फसलं तर ही फेरी पुन्हा जुन्या मास्तरांकडे जाईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

सराव ती फोनवर आईसमोर करायची. शीला ऐकायची, चुका काढायची, मध्येच नको ते विचारायची. फेब्रुवारीत शीला गेली आणि ऐकायचं काम गुरुप्रसादांकडे आलं. त्यांना "छान, छान" याच्यापुढे काही सुचत नसे. "बाबा, झोपलात का?" असं ज्ञानदा विचारायची. तरी आज तिनं एका कानात त्यांना ठेवलं होतं.

बरोबर लवू होता. मालवणकडचा सुतार. साखर वाढल्यापासून त्यांच्याबरोबर चालायला यायचा.

"लेक काय म्हणता?" त्यानं विचारलं.

"भट्टी झाली, बांध झाला. आता विहिरीपाशी आलेत. पाऊस भुरभुरतोय."

"पाऊस! तिका सांगा, थोडो हंयसर धाडून दी म्हणान."

गुरुप्रसाद हसले आणि एकदम थांबले. कानातला ज्ञानदाचा आवाज बंद झाला होता. नुसती पाखरं ऐकू येत होती. कुणीतरी खोकलं. मग ती हळूच मराठीत म्हणाली, "बाबा, इथंच आई उभी होती. मला काही आठवत नाहीये. सगळे बघतायत. मी सांगून टाकते, आय कान्ट."

मॉलच्या मधोमध कारंजं होतं, त्याच्यासमोर ते उभे होते. काय सांगणार? त्या विहिरीचा संत कोण, साल कुठलं, सगळं शीलाला पाठ होतं. त्यांना ठाऊक होतं ते फक्त डोळ्यांनी पाहिलेलं. गेल्या वर्षी दोघं लेकीकडे गेले होते तेव्हा विहीर दिसताच शीलानं चिखलात बूट काढले आणि ग्रामदेवीला घालावी तशी प्रदक्षिणा घालायला लागली. तिचे बूट आणि पर्स धरून ते बाजूला उभे होते.

"ज्ञानदा, बोलू नकोस. चाल. आई चालली तशी. विहीर उजव्या हाताला ठेव."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी पण चालतोय बघ. टाक पाऊल."

आणि ते खरंच कारंज्याभोवती चालू लागले. लवूही मुकाट मागून निघाला. अर्ध्या फेरीत त्यानं विचारलं, "ह्यो देव खंयचो?"

"आयर्लंडचा."

"बरो आसा. पाणी तरी आसा हेच्याकडे."

सिक्युरिटीचा हमजा धावत आला. "अंकल, ये क्या चल रहा है?"

"बेटी की ड्यूटी है," गुरुप्रसाद म्हणाले. हमजाला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं वाटेतली बाबागाडी बाजूला केली.

कानात चिखलात पडणारं एक पाऊल वाजलं. मग दुसरं. मग त्यामागून पुष्कळ पावलं वाजू लागली. एक म्हातारी इंग्रजीत बोलत होती. माझी आजी अशीच फिरायची, सूर्य फिरतो तशी. तुला कुणी शिकवलं गं?

"माझ्या आईनं," ज्ञानदा म्हणाली, आणि तिचा आवाज सुटला. या पाण्यानं डोळे बरे होतात म्हणून बायका कशा यायच्या, शेजारच्या काटेरी झाडाला चिंध्या का बांधतात, सगळं ती सांगू लागली. म्हातारीनं त्यात भर घातली. ती एका म्हाताऱ्याला पटली नाही. मग तिसराच कुणी तरी मध्ये पडला. ज्ञानदा खुदकन हसली.

"बाबा, इथं भांडण लागलंय. फेऱ्या किती घालायच्या यावरून. दोघंही मलाच विचारतायत, सांग याला म्हणून."

"मग झालीस की गावातली," गुरुप्रसाद म्हणाले. "परक्या माणसाला कोण ओढतं भांडणात?"

मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ खणखणीत इंग्रजीत तिनं सगळ्यांना पुढं चलायला सांगितलं.

गुरुप्रसाद कारंज्याच्या कठड्यावर बसले. रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले, मग मानही पुसली, म्हणजे घाम वाटावा.

"चाय मारूया?" लवू म्हणाला.

"घेऊन ये दोन. इथंच. अजून मठ राहिलाय."