दोन आण्यांची घोडी

महिपतचं पत्र आलं की सगुणा ते घेऊन शाळेत हरिश्चंद्र मास्तरांकडे जायची. मास्तरांनी चष्मा लावला की पडवीत आणखी चार बायका उगाचच येऊन टेकायच्या. कारण त्या पत्रांत नूरजहाँ असायची.

"नूरजहाँच्या पायास सूज आहे," मास्तर वाचत. "दोन दिवस तिच्याजवळून हललो नाही. मी नसलो तर ती दाण्याला तोंड लावत नाही. सबब यंदाही शिमग्यास येणे होणार नाही."

पहिल्या वेळी काशीने पदर तोंडाशी नेऊन विचारलं होतं, "बाई हाय काय गो?"

"घोडी हाय," सगुणा म्हणाली. "पन सवतच ती."

महिपत मुंबईला एका पारशी शेठजींच्या तबेल्यात मोतद्दार होता आणि नूरजहाँ ही शेठजींची शर्यतीची घोडी. तिला चारणं, चोळणं, फिरवणं सगळं त्याच्याकडे. तीन वर्षांत तो गावी, मिऱ्याला, फिरकला नव्हता. सासू वारलेली, पोरबाळ नाही. घरात सगुणा आणि एक गाय. संध्याकाळी ती गायीशी बोले, आणि गायही आताशा कंटाळल्यासारखी दिसे.

मग अठ्ठावीस सालच्या थंडीत एक पत्र आलं. नूरजहाँ मोठी शर्यत जिंकली होती. शेठजींनी आनंदाच्या भरात सगळ्यांदेखत महिपतच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आजपासून दोन आणे घोडी तुझी!" नुसतं म्हणाले नाहीत, शर्यतीच्या कार्डावर तसं लिहून सहीही ठोकली.



"म्हंजे आमी घोडीचे मालक?" सगुणाने विचारलं.

"तसं म्हणायला हरकत नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी जन्मात शर्यत पाहिली नव्हती, पण न पाहिलेल्या गोष्टी ते फार छान समजावून सांगत. "मुंबईत घोडं बाळगायच्या तऱ्हा फार. कुणी अख्खं घेतो, कुणी चौघांत घेतो, कुणी हंगामापुरतं भाड्याने. मालकाचं नाव कागदावर असतं, घोडं तबेल्यात असतं."

"ता ठीक. पन आमची पाळी कवा?"

"पाळी? कसली पाळी?"

सगुणाला मास्तरांची कीव आली. घरामागचा फणस चार घरांत सामायिक होता, सोळा वर्षांत ज्याचे जितके आणे तितकी वर्षं त्याची पाळी. विहिरीवरचं शिंपणं पाळीने. गावदेवीची पूजासुद्धा पाळीने. सोळा आण्यांचे बारा महिने, तर दोन आण्यांचा दीड महिना. एवढं तर काशीच्या धाकट्या पोरीलाही कळत होतं.

"ल्हिवा," ती म्हणाली. "आमची दीड महिन्याची पाळी चैत्रापासून धरावी. घोडी पाठवून द्यावी. ती दुसऱ्याच्या हातून खात नाय, तर चारणारा माणूसपन संगती पाठवावा."

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग लिहिलं.

शेठजी म्हणे ते पत्र वाचून इतके हसले की त्यांची टोपी पडली. पण त्याच आठवड्यात घोड्यांच्या डाक्तराने सांगितलं होतं, हिच्या पायाला समुद्राचं पाणी आणि ओली वाळू पाहिजे. शर्यतींचा हंगामही संपला होता. "जा," शेठजी म्हणाले, "हक्क आहे तिचा!"

त्या काळी बोट लांब उभी राही आणि माणसं पडावातून धक्क्याला येत. नूरजहाँ झोळीतून हवेत लोंबकळत पडावात उतरली आणि मग जहागीरदारणीसारखी रत्नागिरीच्या धक्क्यावर आली. अख्खा मिऱ्या हजर होता. मागून महिपत उतरला, थोडा वाळलेला, कानशिलाजवळ पिकलेला. सगुणाने आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग, लोकांसाठी, घोडीकडे.

"उंच हाय," ती म्हणाली.

"तू बारीक झालीस," महिपत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चुलतदीर भागोजी दारात उभा. "वयनी, घर आपलं अजून वाटलेलं नाय. मंग घोडीपन सामायिक. तुमचा एक आणा, माझा एक."

"भावजी, गेल्या साली म्हस मेली तवा ती कोनाची व्हती?"

"ती तुमची एकटीची," भागोजी म्हणाला. "पन घोडी सामायिक."

त्याला घोडीवर बसून कचेरीत जायचं होतं. कुळांनी, शिपायांनी, सगळ्यांनी बघायला हवं होतं. महिपत नको नको म्हणत असताना तो कापलेल्या शेतात तिच्यावर चढला. गावच्या पोरांनी एकच आरोळी ठोकली. नूरजहाँला वाटलं, सुटली शर्यत! तिने उजवीकडून शेताला वळसा घातला. दुसऱ्या वळणावर भागोजी कवळाच्या, तोडलेल्या डहाळ्यांच्या, ढिगात गेला, फक्त पाय बाहेर. घोडी मात्र फेरा पुरा करून जिथून निघाली तिथेच येऊन थांबली आणि मान उंचावून बघत राहिली. कुणाला काही कळेना. शेवटी महिपतने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. तेव्हा कुठे तिने मान खाली घातली.

"माझा आणा मना नको," ढिगातून आवाज आला.

दिवस भराभर जाऊ लागले. सकाळी महिपत घोडीला समुद्रात उभी करी, दुपारी खळ्यात झोपे. सगुणाच्या चुलीवर पुन्हा दोघांचं कालवण शिजू लागलं. पण एकदा जेवताना तो म्हणाला, "आता अठरा दिवस ऱ्हायले," आणि तिने हातातला घास ताटात ठेवला.

"तुमच्यात माझे किती आणे वो?" तिने विचारलं.

"हे काय विचारनं झालं?"

"नाय, हिशेब बघते. वरसाचा दीड महिना. दोनच आणे म्हनायचे."

महिपतने ताट बाजूला सारलं. "मी काय करू? ती दुसऱ्या कोनाच्या हातून खात नाय."

 दुसऱ्या दिवसापासून दुपारी महिपत खळ्यात घोरू लागला की ती गोठ्यात जाऊ लागली. पहिल्या दिवशी नूरजहाँने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सगुणाने कोमट पेज नेली, आत गूळ. चौथ्या दिवशी घोडीने वाटी चाटली. दहाव्या दिवशी सगुणाची चाहूल लागताच घोडी खिंकाळली, आणि गाय, जी आजवर सगुणाचं सगळं ऐकत आली होती, तिने पाठ फिरवली.

शेवटच्या आठवड्यात महिपत ओंजळीत दाणा घेऊन उभा राही आणि नूरजहाँ त्याच्या खांद्यावरून घराच्या दाराकडे बघे.

"हिला काय झालं?" तो हादरून म्हणाला.

"हवा मानवली नसंल," सगुणा म्हणाली.

निघायच्या दिवशी सगळे पुन्हा धक्क्यावर जमले. पडाव लागला. महिपतने ओढली, चुचकारली, शिव्या दिल्या. घोडीने चारही पाय रोवले. पडावाचा तांडेल ओरडू लागला, बोटीने भोंगा दिला.

"अगो, कायतरी कर!" महिपत म्हणाला.

सगुणा पुढे झाली आणि पडावात उतरली. मागोमाग नूरजहाँ, हळूच, एकेक पाय टाकत.

"आता वर ये तू," महिपत म्हणाला.

"मी वर आले तर तीपन वर येईल."

महिपतने तिच्याकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं. "मुंबईला खोली एवढीशी हाय. तुझं लुगडं नाय, काय नाय..."

काशीने गर्दीतून एक गाठोडं पुढे केलं. ते चांगलं घट्ट बांधलेलं होतं. गाय सकाळीच भागोजीच्या बायकोच्या, गोदाच्या गोठ्यात जाऊन पोचली होती.

महिपत मान खाली घालून हसला, आणि गाठोडं घेऊन पडावात उतरला.

पडाव सुटला. कमरेचं दुखणं सांभाळत भागोजी धक्क्याच्या टोकापर्यंत आला. "वयनी! यंदा फणसाची पाळी तुमची! त्याचं काय?"

"तुमीच खावा, भावजी!" सगुणा ओरडली. "मना येळ नाय!"